तुंब्याचं नाव

माझ्या सासरच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं एक गुपित होतं, आणि ते गुपित म्हणजे तुंबा. भोपळ्याचा तुंबा नव्हे. श्रावणात बांधावर, रस्त्याच्या कडेला, उकिरड्याच्या अंगाला गुडघाभर वाढतो तो; चौकोनी दांड्याचा, पेरापेरावर पांढऱ्या फुलांचे गेंद धरणारा. साताऱ्यात आम्ही मुली शाळेतून येताना त्याची फुलं उपटून मागच्या टोकाचा मधाचा थेंब चोखायचो आणि फूल टाकून द्यायचो. आम्ही टाकून दिलेल्या त्या फुलाला इकडे कुणी देव्हाऱ्यात बसवलं असेल, अशी मला कल्पना नव्हती.

माझं सासर कृष्णाकाठचं. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं, पण बाजारहाट सांगलीचा. उसाची शेती होती, दावणीला आठ जनावरं होती आणि मामंजींच्या हाताला गुण होता. मामंजी म्हणजे माझे सासरे. काविळीवर औषध देणारे म्हणून त्यांचं नाव पाटणपासून फलटणपर्यंत माणसं घेत. औषध म्हणजे डोळ्यांत घालायचा रस. तो कशाचा, हे घरातल्या एकाच पुरुषाला ठाऊक असायचं. त्याने ते आपल्या थोरल्या मुलाला ग्रहणात, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कानात सांगायचं. आणि तोंडातून नाव निघालं की औषधाचा गुण गेला. हे सगळं मला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आवाज खाली आणून सांगितलं. चौथ्या दिवशी बुधवार होता. माजघराचं दार लावून त्यांनी माझ्यापुढे पाट्यावर पाल्याची मूठ टाकली आणि वाटायला सांगितलं. मी पाहिलं, आणि मला हसू आवरेना.

“ए बया, हसतीस काय?” आत्याबाई म्हणाल्या.

“अहो, हा तर—”

त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला शेणाचा वास होता. तो वास आणि तो तुंबा या दोन गोष्टींवर माझं त्या घराबद्दलचं मत कायमचं ठरलं.

माझी आई तुंब्याचं नाव दिवसातून दहा वेळा घ्यायची आणि कुणाचाही गुण गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लहान पोराला खोकला झाला की तुंब्याची फुलं तुपात परतून, मधात कालवून चाटवायची. पडसं डोक्यात साकळलं की पाल्याच्या रसाचे दोन थेंब नाकात. अंगाला खाज सुटली की पाला चोळायचा. भूक मेली, तोंडाला चव नाही, ताप येऊन गेलाय, अशा माणसाला लसूण घालून कोवळ्या पाल्याची भाजी. कडू असते, पण पोट ताळ्यावर येतं. झाड वाळलं की डासांसाठी धुरी. शेजारणी दारात उभ्या राहून विचारायच्या, “काय दिलंस गं?” आणि आई म्हणायची, “तुंबा. न्या की, मागं ढीग पडलाय.” हे इतकं साधं होतं. माझ्या सासरी त्याच ढिगाला पहारा होता.

आता मामंजींबद्दल खोटं बोलणार नाही. माणूस लबाड नव्हता. औषधाचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही; एक नारळ, तोही देवीपुढे फोडून आणणाऱ्यालाच परत. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. पण त्या गुणापायी त्यांच्या चालण्याबोलण्यात जो डौल आला होता, तो मला बघवत नसे. बुधवारी आणि रविवारी उजाडायच्या आधी उठायचं, कुणाशी बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, ओढ्याकडच्या बांधावर चाळीस पावलं मोजायची, डाव्या हाताने खुडायचं, पंचाच्या टोकात बांधून आणायचं. वाटेत कुणी भेटलं तर ते माणूस तोंड फिरवून उभं राही. सगळ्या गावाला ठाऊक होतं की म्हातारा त्या बांधावरून काय आणतो, कारण त्या बांधावर दुसरं होतंच काय? पण सगळं गाव तोंड फिरवायचं. एक मूठ पाल्यासाठी अख्खं गाव आंधळं व्हायला तयार होतं, आणि यालाच तिथे श्रद्धा म्हणत.

मग सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, पूर्वेकडे तोंड करून माणसं रांगेने बसायची. मी वाटलेला पाला फडक्यात बांधून मामंजींच्या हातात जायचा. बोटाने पापणी वर करून ते फडकं पिळायचे, एकेका डोळ्यात दोन थेंब. तुंब्याचा रस थोडा झोंबतोच. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि रांगेतले बाकीचे माना उंचावून बघायचे. “पिवळं निगालं बगा! कसं पिवळं निगालं!” मग पथ्य: तेल नाही, तिखट नाही, महिनाभर कामाला हात लावायचा नाही, उसाचा रस, डाळिंब, फुटाणे. असं महिनाभर पडून उसाचा रस प्यायल्यावर बहुतेकांची कावीळ आपल्या पायांनी निघून जाई. हे मराठी सातवी झालेल्या मला कळत होतं आणि त्या सोप्यात दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं. त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटे.

औषध श्रावण ते शिमगा एवढंच मिळायचं. त्यानंतर ज्याला कावीळ होईल त्याने पुढच्या पावसापर्यंत काय करायचं, हे कुणी विचारत नसे.

लग्नानंतर पाच महिन्यांनी आमच्या यांना पलटणीसोबत बोटीवर चढवलं. जर्मनाशी लढाई चालू होती; पुढे हे इटलीत पोचले. गावातली निम्मी जवान माणसं फौजेत होती. पत्र आलं की ते मी वाचून दाखवायची आणि उत्तरही मीच लिहायची. मामंजींना एकच घोर लागला होता: थोरला मुलगा सातासमुद्रापलीकडे, आणि नाव अजून त्याच्या कानात गेलेलं नाही. एकदा त्यांनी मला समोर बसवून घेतलं, पत्राचा कोरा कागद पुढे ठेवला आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले.

“सूनबाई, पलटणीतला साहेब कागद फोडून वाचतोय, खरं का?”

“हो. सगळीच पत्रं फोडतात.”

“मग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “लिव्ह, समदं ठीक हाय.”

इटलीतला कुणी गोरा साहेब तुंब्याचं नाव वाचेल आणि कृष्णाकाठचा गुण जाईल, ही त्यांची भीती. मी पदर तोंडाला लावून आत गेले आणि चुलीपुढे पोटभर हसले.

त्याच वर्षी मला कळलं की मामंजींना दिसत नाही. एकदम नव्हे; आधी त्यांचा हात तांब्याच्या बाजूला पडायला लागला, मग उंबऱ्याला ठेच लागायला लागली. एका सकाळी खुंटीवर टाकलेल्या घोंगड्याला ते “या, बसा” म्हणाले. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. जवळ गेलं की बुबुळावर राखेसारखं दिसायचं. मिरजेला डोळ्यांची शस्त्रक्रिया होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पन्नास माणसांच्या डोळ्यांना हात लावणारा माणूस स्वतःचे डोळे दुसऱ्याला दाखवायला कसा जाईल? आत्याबाई त्यांच्या ताटातली भाजी हाताला लागेल अशी सरकवून ठेवत आणि वर म्हणत, “त्यास्नी काय हुतंय, वाघासारकी नदर हाय.” त्यांना न दिसण्याचा विषय घरात कुणी काढायचा नाही, हेही आता दुसरं गुपित झालं. गुपितं जपण्यात ते घर फारच तरबेज होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सालगड्याने ओढ्याकडचा बांध नांगरला. उसाच्या दोन सऱ्या जास्त बसतील म्हणून. त्याने विचारलं होतं, मामंजींनी ‘बरं’ म्हटलं होतं. कोणता बांध, हे त्यांनी समजून घेतलं नाही आणि त्याने समजावून सांगितलं नाही, कारण तो बांध कशाचा हे बोलायचंच नव्हतं. पाऊस पडला, नांगरलेल्या मातीतून तऱ्हेतऱ्हेचं तण वर आलं. श्रावणातल्या पहिल्या रविवारी मामंजी अंधारात गेले, चाळीस पावलं मोजली, डाव्या हाताने खुडलं, सवयीने चाचपूनही न पाहता पंचात बांधलं आणि आले. माजघराचं दार लागलं. पाट्यावर मूठ पडली.

तो तुंबा नव्हता.

फुलं पांढरीच होती, पण बारीक, सुटी. पान रुंद, दांडा गोल. तुंब्याचा उग्र वास नाही. कुठलं तण होतं ते मला आजही सांगता येणार नाही. साताऱ्याला मी ते पाहिलेलं नव्हतं. वाटताना त्याचा चीक बोटांना लागला आणि बोटं चुरचुरायला लागली. ती दिवस मावळेपर्यंत चुरचुरत होती.

“आत्याबाई, हे ते नाही,” मी म्हटलं.

“ते म्हंजी?”

“नेहमीचं ते.”

“न्हेमीचं काय असतंय?” त्यांचे डोळे बारीक झाले. “तुला कुणी सांगितलं न्हेमीचं काय असतंय ते?”

हे चूक आहे असं म्हणायचं तर बरोबर काय ते मला ठाऊक आहे असं कबूल करायला हवं, आणि ते ठाऊक असण्याचा मला अधिकार नव्हता. दोन वर्षं मीच ते वाटत होते, तरी ते मी पाहिलेलं नाही असं धरून चालायचं होतं. आत्याबाईंनाही दिसत होतं. बाई जन्मभर रानात राबलेली, तिला तण आणि तुंबा वेगळा ओळखता येत नव्हता थोडाच? पण त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

“त्येंच्या हाताला गुण हाय,” त्या म्हणाल्या. “तू वाट गपगुमान.”

मी वाटलं.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लपवायचा मोह होईल. मी घाबरून गप्प बसले नाही. आत्याबाईंना मी कधीच घाबरले नाही. मी गप्प बसले कारण मला मजा वाटली. म्हटलं, बघू तरी. यांच्या गुपितात तुंबाच राहिला नाही, बघू आता यांचा गुण कुठे जातो. ही माणसं किती मूर्ख आहेत याचा पुरावाच माझ्या हातात आयता आला होता आणि तो मला पूर्ण पाहायचा होता.

आणि पुरावा मिळाला. माणसं बरी झाली. पूर्वीइतकीच बरी झाली. महिनाभर निजली, उसाचा रस प्याली आणि नारळ घेऊन आली. उलट मामंजींचं नाव वाढलं, कारण हा नवा रस जास्त झोंबायचा. माणसं सोप्यात पाय आपटायची, बायका ओरडायच्या, आणि बाहेर जाऊन सांगायच्या, “औशिद लय कडक झालंय औंदा.” डोळे दोन-दोन दिवस लाल राहायचे, तर तेही काविळीचं विष निघतंय म्हणून. रविवारी दारात बैलगाड्या सोडायला जागा पुरेना. मी पाट्यावर बसून बाहेरचा तो गलबला ऐकायची आणि मनातल्या मनात एकेकाची टर उडवायची. पाला वाटून झाला की मी मात्र हात राखेने दोनदा घासून धुवायची. माझ्या बोटांना ते चालत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी भादव्यात एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. शेजारच्याच गावची, तीन कोसांवरची. पोर सात-आठ वर्षांची, अंगाने काडी, हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. तीन वेळा तिच्या डोळ्यांत रस पडला. तिसऱ्या वेळी ती इतकी किंचाळली की गोठ्यातली जनावरं बिचकली. दोघांनी तिचे हात धरले होते.

दिवाळीआधी ती बाई नारळ घेऊन परत आली. मामंजींनी सोप्यातून विचारलं, “पोरगी कशी हाय?”

“ब्येस हाय जी. कावीळ पार गेली. तुमच्या पुण्याईनं.”

मग ती माजघरात आत्याबाईंकडे कुंकू लावून घ्यायला आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “उजव्या डोळ्यात फूल पडलंय पोरीच्या. त्या अंगाचं दिसंना झालंय. पर जीव वाचला बगा. बाबास्नी सांगू नगा, त्यास्नी वाईट वाटंल.”

पोर तिच्या मागे उभी होती. उजव्या बुबुळावर पांढरा डाग, भाताच्या शिताएवढा. आत्याबाईंनी तिच्या हातावर गूळ ठेवला. ती गूळ खाता खाता मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

मला राग आला. कुणाचा आला, ते ऐकावं. मला त्या आईचा राग आला. डोळा गेला आणि ही बया नारळ घेऊन येते! हिला जाब विचारता येत नाही? इतकं कसं माणसाने मेंढरू असावं? दिवसभर मी तिच्या नावाने बोटं मोडत होते. पुढच्या बुधवारी पंचातला पाला पाट्यावर पडला आणि तो मी वाटला.

कार्तिकात हे घरी आले. लढाई संपली होती. आधी कार्ड आलं होतं की आजारी आहे, रजेवर येतोय. गाडीतून उतरले तेव्हा मी ओळखलं नाही; खाकी कपड्यात नुसती हाडं, आणि डोळे पिवळेधमक.

“हास्पिटलात दोन महिने ठिवला,” ते सोप्यात बसून सांगत होते. “डागदर साब म्हनला, ह्येला औशिदच न्हाई. नुस्तं बेडवर पडायचं आन उकडल्यालं खायाचं. आता बोला!”

मामंजी हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी चाचपडत मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्याने पापणी वर केली, जणू त्यांना तिथला पिवळेपणा दिसतच होता. “गोऱ्याच्या डागदराकडं न्हाई ते आपल्या बांदाव हाय. उद्या बुदवार. उद्या घालतो. आन गिरान लागलं की नाव बी सांगतो तुला. लय वाट बगितली, गड्या.”

“घाला की, आबा,” हे म्हणाले.

बुधवारी उजाडता उजाडता पंचातली मूठ पाट्यावर पडली. तेच तण. बाहेर सोप्यात हे पहिल्या जागेवर, पूर्वेकडे तोंड करून बसले होते; मागे आठ-दहा माणसं. मी वरवंटा उचलला आणि परत पाट्याशेजारी ठेवला. मला ती पोर दिसली, मान वाकडी करून गूळ खाणारी. आणि तेव्हा, पहिल्यांदा, माझ्या ध्यानात आलं की ओढ्याच्या पलीकडे तुंबा ढीगभर होता. मी रोज पाण्याला जाताना तो बघत होते. एक मूठ खुडून आणायची, दार लावलेल्या माजघरात हा पाला चुलीत टाकायचा आणि तो वाटायचा. कुणाला नाव सांगायला नको, कुणाचा मान जायला नको, कुणाला पत्ता लागायला नको. दोन वर्षांत प्रत्येक बुधवारी आणि प्रत्येक रविवारी मला हे करता आलं असतं. ते मला सुचलंच नव्हतं, कारण ते डोळे माझे कुणी लागत नव्हते.

आता तेवढा वेळ नव्हता. बाहेरून मामंजींनी दोनदा खाकरून फडकं मागितलं. मी पाला ओंजळीत घेतला आणि दार उघडून सोप्यात गेले. सुनेने पुरुषमाणसांपुढे यायचं नाही, ते विसरले.

“मामंजी, हे यांच्या डोळ्यांत घालू नका. हा तुंबा नाही.”

आतून आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतल्याचा आवाज आला. हे पिवळे डोळे वटारून म्हणाले, “काय बोलतीस, येड लागलं का?” मागच्या एका म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले, नाव ऐकलं तर त्यालाही पाप लागेल म्हणून असावं.

मामंजींनी हात पुढे केला. मी पाला त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी दांडा बोटांत फिरवला. तो गोल होता. पान चुरगाळून नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. मग फार हळू, जन्मात पहिल्यांदा, ते नाव त्यांनी स्वतः घेतलं.

“तुंबा न्हाई?”

“नाही.”

“कवापासनं?”

“बांध नांगरला तेव्हापासून. दोन वर्षं झाली.”

“आन वाटत कोन हुतं?”

“मी.”

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मला वाटलं ओरडतील; ओरडले असते तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं, माझ्या जिभेला धार होती.

“मला दिसत न्हवतं,” ते म्हणाले. “तुला दिसत हुतं.”

पाला त्यांनी तिथेच टाकला आणि भिंतीला हात लावत आत गेले.

त्या दिवसापासून घरातलं औषध बंद झालं. गावाने सगळा बोल माझ्यावर ठेवला, पण कशासाठी? चुकीचं तण दोन वर्षं लोकांच्या डोळ्यांत गेलं म्हणून नव्हे; सुनेने चारचौघांत नाव घेऊन गुण घालवला म्हणून. पाणवठ्यावर बायका मला वाट देईनाशा झाल्या. कुणी काविळीचं माणूस घेऊन आलंच तर मामंजी सोप्यातून स्वच्छ सांगत, “तुंब्याचा रस हुता. बांदावर हुतो, कुनीबी आना. न्हाईतर नुस्तं निजून ऱ्हावा, उसाचा रस प्या.” माणसं त्यांच्याकडे दयेने बघत आणि दुसऱ्या गावचा, नाव न सांगणारा कुणी गाठायला निघून जात. नाव कळलेलं औषध फुकट मिळालं तरी कुणाला नको होतं. आमचे हे महिना-दीड महिना निजून बरे झाले.

पुढच्या वर्षी मामंजी आपण होऊन मिरजेला गेले आणि डोळे करून आले. जाड भिंगांचा चष्मा लागला. घरी आल्यावर त्यांनी घरातलं सगळं नीट पाहून घेतलं, जनावरं पाहिली, नांगरलेला बांध पाहिला. मग मला हाक मारली.

“त्या दोन सालांत कुनाचं काय झालं, तुला ठावं आसंल.”

मी त्या पोरीचं सांगितलं. इतरांचं मला ठाऊक नव्हतं. मी कधी चौकशीच केली नव्हती.

“नारळ घे,” ते म्हणाले. “चल.”

तीन कोस आम्ही चालत गेलो. ते पुढे, मी दहा पावलं मागे. त्या बाईने आम्हाला दारात पाहिलं आणि धावत येऊन मामंजींचे पाय धरले. घोंगडं टाकलं, पाणी दिलं. मामंजींनी पोरीला जवळ बोलावलं, चष्मा वर सरकवून, परत खाली घेऊन, तिच्या उजव्या डोळ्यात बघत राहिले. फूल तसंच होतं. मग त्यांनी त्या बाईला सगळं सांगितलं: आपल्याला दिसत नव्हतं, बांध नांगरला होता, भलताच पाला हातात येत होता, पोरीचा डोळा त्याने गेला. काही म्हणजे काही लपवलं नाही. एवढंच की पाला कोण वाटत होतं ते सांगितलं नाही.

बाईने डोळ्यांना पदर लावला. “तुमचा काय दोस, बाबा?” ती म्हणाली. “तुमास्नी दिसतच न्हवतं की.”

माझ्याकडे मामंजींनी वळूनही पाहिलं नाही, पण ते उठलेही नाहीत. ते थांबले होते. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, हे मला लख्ख कळत होतं. त्या घरात मी एकटी शिकलेली, सगळ्यांना हसणारी, कुणालाही न भिणारी. एक वाक्य बोलायचं होतं.

मी नारळ उंबऱ्याच्या आत ठेवला आणि पदर सावरून बाहेर येऊन उभी राहिले. ती पोर माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली.